पेंढ्याच्या पॅनलचं घर: आग लागली तर? आणि उकाड्याचं काय?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दापोलीपासून आत आमची वडिलोपार्जित जागा आहे. खाली जुनं चिऱ्याचं घर आहे आणि वरच्या टप्प्यावर, काजूच्या कलमांच्या कडेला दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि एक पडवी बांधायचीय. अडचण अशी की वरपर्यंत ट्रक जात नाही, पिकअप कसाबसा चढतो, त्यामुळे चिरा-वाळू-सिमेंट डोक्यावरून न्यायचं म्हटलं तर मजुरीच मालापेक्षा जास्त होतेय. म्हणून हलक्या स्टीलची फ्रेम आणि पॅनलच्या भिंती असा विचार चाललाय.

आत्तापर्यंत तीन जणांशी बोललो. एक जण म्हणतो पफ पॅनल (दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलीयुरेथेन फोम) घ्या, आठ दिवसात उभं करून देतो. दुसऱ्याकडे भाताच्या पेंढ्याचं दाबून केलेलं पॅनल आहे, साधारण ५० मिमी जाड, दोन्ही बाजूंना जाड कागद. तिसरा आमच्याच भागातला, तो बांबूच्या चटईचे बोर्ड दोन बाजूंना आणि मध्ये काथ्या भरून देतो म्हणतो. मला स्वतःला पफ नकोय, कारण भोवती एवढा पेंढा, बांबू, काथ्या असताना फोमच्या डब्यात राहायचं हे मनाला पटत नाही. पण बाबांचं एकच म्हणणं आहे, की इथे दर उन्हाळ्यात वणवे लागतात आणि तू गवताचं घर बांधायला निघालायस. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मलाही कळतंय, म्हणून नुसतं ‘इको-फ्रेंडली’ म्हणून उडी मारायची नाहीये.

पेंढ्याच्या पॅनलवाल्याने मला एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात गॅसचा टॉर्च पॅनलवर धरलाय, समोर काळा डाग पडतो आणि मागच्या बाजूला माणूस हात लावून उभा आहे. बघायला भारी वाटतं. पण त्यावरून खरंच काही सिद्ध होतं का? फायर रेटिंग विचारलं तर ‘सर एफआर ग्रेड आहे’ एवढंच उत्तर येतं.

दुसरं म्हणजे उकाडा. एप्रिल-मेमध्ये दुपारी वर अक्षरशः भाजून निघतं, छप्पर पत्र्याचंच होणार आहे. भिंत किती जाड घ्यावी म्हणजे एसीशिवाय निभेल? हेम्पक्रीटबद्दलही (चुन्यात कालवलेला भांगेच्या काड्यांचा भुस्सा) बरंच वाचलंय, ते इकडे जमेल का? ज्यांनी अशी कामं केलीत किंवा जवळून पाहिलीत त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

---

काजूबी

तुमच्या बाबांना पहिला नमस्कार, त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. मी राजापूर तालुक्यातली. वणवा आमच्याकडे दरवर्षीचा, कुणीतरी बांधावरचं गवत पेटवतं, कुणाची राब भाजताना आग हाताबाहेर जाते आणि वारा सुटला की संपलं. आंबा-काजूच्या बागा अशाच जातात.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, वणव्यात घर बहुतेक वेळा भिंतीला ज्वाळा भिडून पेटत नाही. आधी ठिणग्या येतात, लांबून, वाऱ्यावर. त्या वळचणीत साठलेल्या पाचोळ्यात पडतात, पन्हळात पडतात, पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून आत माळ्यावर जातात, नाहीतर पडवीत रचून ठेवलेल्या सरपणावर. तिथून घर पेटतं. त्यामुळे चिऱ्याच्या घराचंही छप्पर जातं आणि नुसत्या भिंती उभ्या राहतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून भिंत कशाचीही बांधा, पण घराभोवती निदान दहा मीटरचा पट्टा पावसाळा संपला की साफ ठेवायचा, काजूचा पाला गोळा करून लांब न्यायचा, सरपण आणि पेंढ्याची उडवी घराला चिकटून ठेवायची नाही आणि वळचणीच्या सगळ्या फटी बारीक लोखंडी जाळीने बंद करायच्या. प्लास्टिकची मच्छरदाणी-जाळी नको, ती वितळते.

आणि गवताचं घर म्हणून घाबरण्याआधी आपल्या कुडाच्या भिंती आठवा. माझ्या आजोळी माजघराच्या आतल्या सगळ्या भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या लावून बांबूच्या कांब्यांनी आडव्या आवळायच्या. कारवी सात वर्षांनी फुलून वाळते तेव्हाच्या काठ्या चांगल्या पक्क्या मिळतात. मग चिकणमाती, शेण आणि तूस पायाने तुडवून मुरवायचं आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी उभं राहून हाताने दाबत लिंपायचं. आजी सांगायची की पहिला थर दाबताना माती काठ्यांच्या फटीतून पलीकडे बाहेर यायला हवी, तरच ती धरून राहते, नाहीतर वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. वाळली की भेगा पडतात, त्या बारीक मातीने बुजवायच्या, मग सारवण. चुलीमागच्या भिंतीला तर मातीचा थर बोटभर जास्तच असायचा आणि तिच्यासमोर रोज तीन वेळा जाळ व्हायचा. आतल्या काठ्या जळाऊच होत्या की, पण कुठेच उघड्या नव्हत्या.

तुमचं पेंढ्याचं पॅनल म्हणजे कारखान्यात केलेला कूडच आहे. कागदाच्या भरवशावर सोडू नका, लिंपून घ्या.

---

चुन्याची_निवळी

काजूबी ताईंनी मुद्द्याचं लिहिलंय. मी सिव्हिलवाला, गेली बरीच वर्षं जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं आणि चुन्या-मातीचं काम करतो. थोडं लांबेल, पण प्रश्नच तसा आहे.

आधी त्या व्हिडिओबद्दल. टॉर्चची ज्योत तळहाताएवढ्या जागेवर लागते आणि बाकीचं पॅनल थंड असतं, उष्णता बाजूला पसरून जाते. खऱ्या टेस्टमध्ये साधारण तीन मीटर बाय तीन मीटरची अख्खी भिंत, तिच्या जोडांसकट, स्क्रूंसकट भट्टीच्या तोंडावर उभी करतात. भट्टीचं तापमान ठरलेल्या वक्राने चढवत नेतात, अर्ध्या तासाला साधारण ८४० अंश आणि तासाला ९४५ अंश सेल्सियस. मग तीन गोष्टी बघतात. भिंत पडली का, फटीतून ज्वाळा किंवा गरम वायू पलीकडे गेला का, आणि पलीकडची बाजू किती तापली. सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त वाढ झाली किंवा कुठल्याही एका ठिकाणी १८० च्या वर गेली की भिंत नापास, मग ती उभी असली तरी. आपल्याकडे याचं भारतीय मानक, म्हणजे स्टँडर्ड, आयएस ३८०९ आहे आणि अशा टेस्टची सोय रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेत आहे.

‘एफआर ग्रेड’ हा शब्द विक्रेते दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि ग्राहकाचा घोळ तिथेच होतो. एक, माल स्वतः किती पटकन पेटतो, त्यावरून ज्योत किती पसरते, धूर किती होतो. दोन, पूर्ण भिंत किती मिनिटं आग अडवते. पहिल्यात एखादा माल उत्तम असेल आणि दुसऱ्यात साफ पडेल. स्टीलचा पत्राच घ्या ना, तो पेटतच नाही, पण पलीकडची बाजू काही मिनिटांत लाल होईल. उलट जाड लाकडी तुळई पेटते, पण मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरपेक्षा कमीच आत जळत जाते, कारण वरचा कोळशाचा थर आतल्या लाकडाला सांभाळतो. तेव्हा पॅनलवाल्याला ‘हे जळतं का’ असं विचारूच नका. विचारा की कुठल्या स्टँडर्डने, किती जाडीच्या भिंतीला, कुठल्या प्लास्टरसकट, कसा जोड देऊन आणि किती मिनिटं. या प्रश्नाला कागद दाखवला तर ठीक, नाहीतर तो आकडा नाही असं समजून डिझाइन करा.

आता पेंढा. सुटा पेंढा भडकतो कारण भोवती भरपूर हवा असते. तोच करकचून दाबला की रद्दीच्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यासारखा होतो, कडेला काळा पडतो पण आत हवाच मिळत नाही. त्यात भाताच्या पेंढ्यात आणि तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे राख जागेवर टिकते आणि तीसुद्धा थोडी झाकण होते. अमेरिकेत २००६ साली पेंढ्याच्या गाठींच्या भिंतींवर पूर्ण आकाराच्या टेस्ट झाल्या, मातीचं प्लास्टर केलेली भिंत एक तासाला आणि सिमेंट-चुन्याचं प्लास्टर केलेली दोन तासांना पास झाली. पुढे २०१५ च्या तिकडच्या घरबांधणी कोडमध्ये पेंढ्याच्या बांधकामाला स्वतंत्र परिशिष्टच मिळालं. पण त्या गाठी फूट-दीड फूट जाड असतात हे विसरू नका, तो आकडा ५० मिमीच्या पॅनलला चिकटवता येणार नाही. जे घ्यायचंय ते तत्त्व: जळाऊ गाभा, दोन्ही बाजूंनी न जळणारा सलग थर, आणि आत हवा खेळायला जागा नाही.

तुमच्या तिसऱ्या पर्यायात, म्हणजे बांबू चटई आणि मध्ये काथ्या, माझी हीच भीती आहे. बांबू मॅट बोर्ड चांगली चीज आहे, बंगळुरूच्या इपिर्ती या प्लायवूड संशोधन संस्थेने त्यावर खूप काम केलंय, त्याला आयएस कोडही आहे. पण मध्ये काथ्या सैल भरला तर आतली पोकळी चिमणीसारखं काम करते, खाली पेटलं की वरपर्यंत पोचतं आणि बाहेरून कळतही नाही. शिवाय काथ्या भडकण्यापेक्षा धुमसतो, तासन् तास. तो घेणारच असाल तर काथ्या घट्ट फेल्ट स्वरूपात घ्या, दर मजल्याला आणि दर तीन-चार फुटांवर आडवी पट्टी मारून पोकळी तोडा, आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या द्रावणात बुडवून वाळवून घ्या. दोन्ही लागतात, बोरॅक्स ज्योत पसरू देत नाही आणि बोरिक अॅसिड धुमसणं दाबतं, नुसता बोरॅक्स मारला तर धुमसण्याला उलट मदतच होते. वाळवी आणि भुंगाही यानेच लांब राहतात. मात्र ही मिठं पाण्यात विरघळतात. बाहेरच्या बाजूला उघड्यावर मारून ठेवलीत तर तुमच्याकडचा पहिला पाऊस सगळं धुऊन नेईल, म्हणून यांच्यावर छप्पर आणि प्लास्टर हवंच.

स्टील फ्रेमबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. हलक्या गेजचं, म्हणजे पातळ पत्र्याचं, स्टील साधारण ५०० अंशांच्या आसपास आपली निम्मी ताकद घालवून बसतं, आणि पातळ असल्याने तिथवर पोचायला त्याला वेळ लागत नाही. पॅनल टिकेल पण फ्रेम वाकेल असं होऊ नये. म्हणजे फ्रेम दोन पॅनलांच्या मध्ये किंवा प्लास्टरच्या मागे पूर्ण झाकलेली हवी, शोभेसाठी आत उघडी ठेवायची नाही.

पफबद्दल थोडक्यात. उष्णता अडवण्यात तो सगळ्यांच्या पुढे आहे हे खरं, पण जळताना त्याचा धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन सायनाइडही असतं. झोपायच्या खोलीला मी तो लावणार नाही.

प्लास्टर कसं करायचं ते सांगतो. पॅनलच्या कागदावर थेट चुना धरत नाही. जोडांवर आधी पट्टी मारून बंद करायचे, मग गॅल्व्हनाइज्ड कोंबडी जाळी स्क्रू-वॉशरने पक्की बसवायची, मग चुना-वाळू किंवा चुना-सुरखीचा पहिला थर दाबून मारायचा, तो जरा आवळला की दुसरा. दोन्ही थर मिळून प्रत्येक बाजूला पाऊण-एक इंच धरा. खिडकीच्या चौकटीभोवती, छपराला भिंत भेटते तिथे आणि जोत्याच्या वरच्या रेषेवर गवंडी नेहमी हात आखडता घेतात, आणि आग नेमकी तिथूनच आत शिरते. त्या तीन जागा स्वतः उभं राहून करून घ्या. नुसतं सिमेंट प्लास्टर टाळा, ओल आत अडकते.

---

रानभूल

मी हिंगोलीकडचा, त्यामुळे उकाड्याच्या प्रश्नावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

लोक इन्सुलेशन आणि जाड भिंत यांची सरमिसळ करतात. आमच्याकडची माळवदाची घरं घ्या, दोन-अडीच फुटांची भिंत, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माती काही फार मोठी इन्सुलेटर नाही. तिची उष्णतावाहकता अर्ध्या-पाऊण वॉटच्या घरात, पेंढ्याच्या गाठींची ०.०५ ते ०.०७, म्हणजे मातीच्या दहावा हिस्सा. पण मातीची भिंत इतकी जाड असते की दुपारचं ऊन आत पोचायला रात्र होते, आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं. मराठवाड्यात दिवस-रात्रीत मोठा फरक पडतो म्हणून हे चालतं. लाकडाला वरून माती असल्याने बाहेरच्या ठिणगीची भीती नाही हा दुसरा फायदा. पण त्या वजनाने काय केलं ते ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे आज कोणाला तसंच्या तसं बांधा असं मी सांगणार नाही. हलकं पॅनल या बाबतीत निश्चितच चांगलं.

कोकणात मात्र रात्रही दमट आणि उबदारच, फरक कमी. तिथे भिंत जाड करून फार हाती लागणार नाही. तुमची खरी लढाई छपराशी आहे. हिशोब बघा: नुसत्या पत्र्याची यू व्हॅल्यू (आरपार किती उष्णता जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं) पाच-सहाच्या घरात जाते. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छपराला १.२ पेक्षा जास्त नको असं आहे. पत्र्याखाली ५० मिमी काथ्याचं फेल्ट किंवा रॉकवूल घातलं तर ०.७-०.८ पर्यंत येता. भिंतीला तेच ५० मिमी पेंढ्याचं पॅनल प्लास्टरसकट घेतलं तर १.४-१.५ मिळते, नऊ इंची विटांच्या भिंतीची दोनच्या आसपास असते, म्हणजे विटांपेक्षा बरंच आहे आणि तेवढं पुरे. भिंतीचे उरलेले पैसे छपरात आणि पश्चिमेच्या पडवीत घाला. पत्रा आणि इन्सुलेशन यांच्यामध्ये हवेची पोकळी ठेवून चकचकीत अॅल्युमिनियम फॉइल लावा, चकाकी पोकळीकडे हवी, नाहीतर तिचा उपयोग शून्य.

मला रॉकवूल ‘नैसर्गिक नाही’ म्हणून वगळणं पटत नाही. बेसाल्टसारखा दगड वितळवूनच ते करतात, आणि आपला बहुतेक सह्याद्री बेसाल्टचा आहे. ते पेटत नाही. निदान छपराच्या कडेचा दोन-तीन फुटांचा पट्टा, जिथे ताई म्हणतायत तशा ठिणग्या येतात, तिथे आणि स्वयंपाकघराच्या पार्टिशनमध्ये तेच वापरा, बाकी ठिकाणी काथ्या.

हेम्पक्रीट: चांगलंच आहे, चुन्यात मुरलेल्या भुश्श्यामुळे ज्योत पसरत नाही, आणि वेरूळच्या लेण्यांतल्या प्लास्टरमध्ये भांगेचे तंतू सापडलेत, अजिंठ्यात नाहीत, वेरूळचं प्लास्टर किड्यांपासून जास्त वाचलंय असं अभ्यासकांनी लिहिलंय, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. पण हेम्पची लागवड २०१८ पासून उत्तराखंडात परवान्याने सुरू झाली, तिथून भुस्सा दापोलीच्या डोंगरावर आणायचा म्हणजे ट्रकचं भाडंच भरत बसायचं. शिवाय तुमच्या हवेत वाळायला महिने लागतील. तीच कल्पना जवळच्या मालाने करा. आमच्याकडे तुराट्या-पऱ्हाट्या शेतात जाळतात, जीव तुटतो बघून. पऱ्हाट्यांचे पार्टिकल बोर्ड करायचं तंत्र मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने केव्हाच काढलंय.

---

ऊसकरी

रानभूल, सहमत. एक भर. कुणी स्वस्तात उसाच्या चिपाडाचं सिमेंट बोर्ड देतो म्हणाला तर चिपाड धुतलंय का ते विचारा. राहिलेली साखर सिमेंटला सेट होऊ देत नाही, बोर्ड वरून कडक दिसतं आणि कोपरा नखाने पोखरता येतो. आमच्या गोठ्याला लावलेल्याचं तेच झालं.

---

फेज_न्यूट्रल

वायरिंगचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. वणवा वर्षातून एकदा, वायर चोवीस तास भिंतीत असते.

पॅनलच्या घरात गवंडी नसतो, त्यामुळे इलेक्ट्रिशियन पॅनलला भोक पाडतो, प्लास्टिकचा बॉक्स ठोकतो, आणि मागे उघडा पेंढा किंवा काथ्या तसाच राहतो. त्या बॉक्समध्ये एखादा स्क्रू ढिला राहिला की तिथे तापत राहतं. आणि ढिल्या जोडावर एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट जास्त जातच नाहीये, आरसीसीबी (करंट बाहेर गळला की बंद पडणारा स्विच) पण पडत नाही, कारण लीकेज नाही. काही महिने नुसतं तापत राहतं आणि एक दिवस धुमसायला लागतं. तेव्हा माझं सांगणं असं की शक्य तेवढी वायरिंग प्लास्टरच्या बाहेरून, मेटल कंड्युटमध्ये, उघडी दिसेल अशी करा. दिसायला थोडी कारखान्यासारखी वाटेल पण रंग मारला की छान दिसते. जिथे भिंतीत बॉक्स लागणारच तिथे जीआयचा मेटल बॉक्स, आणि त्याच्या भोवती व मागे चुन्याचा नाहीतर जिप्समचा लेप. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी बांधलेलं असतं, तापलं की ते वाफ होऊन निघताना उष्णता खातं, म्हणून हे काम करतं. कंड्युट भिंत ओलांडून जातं तिथलं भोक दोन्ही बाजूंनी फायर सीलंटने भरा, फोमच्या स्प्रेने नाही. तो पिवळा फोम सगळे मारतात आणि तोच पहिला पेटतो.

एफआरएलएस, म्हणजे आग पसरू न देणारी आणि कमी धूर करणारी, वायर घ्या. गीझर आणि एसीला स्वतंत्र लाइन, चार स्क्वेअर एमएमची. माणसासाठी ३० एमएचा आरसीसीबी लावतातच, त्याच्या आधी मेनला ३०० एमएचा लावला तर आगीसाठी वेगळं संरक्षण मिळतं. छतातले रिसेस्ड लाइट इन्सुलेशनमध्ये पुरायचे नाहीत, त्यांची उष्णता जायला जागा लागते. इन्व्हर्टरची बॅटरी घराबाहेर, चिऱ्याच्या छोट्या कोनाड्यात. आणि उंदीर! पेंढा म्हटलं की उंदीर आलेच, वायर कुरतडतात, म्हणून जोत्याजवळ पॅनलची कड उघडी ठेवू नका.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांना काजूबी ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले कूड असेल तर मला चालेल, फक्त लिंपायला माणसं आता कुठून आणणार. पण गावात दोन वयस्क बायका आहेत ज्यांना हे येतं, त्यांच्याशी बोलणार आहे.

तर ठरतंय ते असं: पेंढ्याचं पॅनल, आतून मातीचं आणि बाहेरून चुन्याचं प्लास्टर. छपराखाली फॉइल, मधे काथ्याचं फेल्ट आणि कडेला रॉकवूल. अजून दोन शंका. स्वयंपाकघर पण पॅनलचंच करू का? आणि एका दुकानदाराने मॅग्नेशियम बोर्ड सुचवलंय, म्हणतो प्लास्टरचा त्रासच नाही, बोर्ड स्क्रू करा आणि फायरप्रूफ झालं. घेऊ का?

---

चुन्याची_निवळी

स्वयंपाकघराची शेगडीमागची एक भिंत चिऱ्याची करा. एका भिंतीचे चिरे वर चढवणं परवडेल. सिलेंडर बाहेर, जाळीच्या दाराच्या कोनाड्यात. चूल ठेवणार असाल तर धुराड्याचा पाइप छपरातून जातो तिथे काथ्या नको, पाइपभोवती चारी बाजूंना निदान वीतभर रॉकवूल आणि वर पत्र्याची कॉलर.

मॅग्नेशियम बोर्ड आगीत उत्तम वागतो हे खरंय, पण तो कशाने बांधलाय ते बघावं लागतं. क्लोराइडवाला असेल तर दमट हवेत तो ओलावा ओढून घेतो आणि खारट पाणी गाळतो, स्क्रू आणि स्टील गंजून जातं. डेन्मार्कमध्ये २०१० नंतरच्या काही वर्षांत कितीतरी इमारतींना हे बोर्ड बाहेरून लावले होते, ते असेच पाझरायला लागले आणि काढून टाकावे लागले. तुमची फ्रेम स्टीलची, हवा समुद्राची आणि पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरातला. अजिबात घेऊ नका.

ओलीचं सांगायचं राहिलं होतं, आणि कोकणात ते आगीइतकंच महत्त्वाचं आहे. पेंढ्यात वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त ओलावा टिकून राहिला की बुरशी लागते, आणि जुलैच्या हवेत तुम्ही त्या रेषेच्या जवळच असणार. कुजलेला गाभा प्लास्टर सोडतो, प्लास्टर सुटलं की आगीचं संरक्षण गेलं. आणि ओलं इन्सुलेशन उष्णता अडवत नाही, कारण ज्या बारीक हवेच्या जोरावर ते काम करतं तिच्या जागी पाणी बसतं, आणि पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट उष्णता वाहून नेतं. म्हणून जोतं चिऱ्याचं, जमिनीपासून किमान दीड फूट, त्यावर ओल रोखायचा थर, मग पॅनल. वळचण तीन फूट बाहेर काढा, पश्चिमेला पडवी. बाहेरून प्लास्टिक पेंट मारायचा नाही, चुन्याची सफेदी दर दोन वर्षांनी.

---

फेज_न्यूट्रल

वरच्यात एक जोडतो, कारण मी साइटवर हे डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्यात मोठा धोका घर पूर्ण झाल्यावर नाही, बांधताना असतो. पॅनल उभे आहेत, प्लास्टर अजून झालेलं नाही, खाली कापलेल्या पेंढ्याचा भुगा पडलाय आणि वर फॅब्रिकेटर ग्राइंडर चालवतोय. ठिणगी भुग्यात पडते, कोणाला दिसत नाही, संध्याकाळी सगळे घरी जातात.

फ्रेमचं सगळं वेल्डिंग आणि कटिंग पॅनल साइटवर यायच्या आधी संपवा. नंतर काही कापायचंच असेल तर खाली उतरवून लांब नेऊन कापा, नाहीतर बोल्ट वापरा. रोज काम सुटायच्या आधी भुगा झाडून गोणीत भरून लांब. पाण्याचं पिंप आणि बादल्या भरलेल्या, आणि गरम काम झालं की निदान तासभर कोणीतरी तिथेच थांबायचं, कारण पेंढा लगेच भडकत नाही, धुमसत बसतो. पॅनल रात्रीत उभे करून प्लास्टरला महिनाभर गवंडी मिळाला नाही असं करू नका, आधी लिंपणाऱ्या बायका ठरवा, मग पॅनलची ऑर्डर द्या.

---

काजूबी

हो, आणि तारखा बघून करा. आमच्याकडे दिवाळीनंतर माती वाळायला हवा चांगली असते, फेब्रुवारीपासून वणव्यांचे दिवस सुरू. म्हणजे नोव्हेंबरात पॅनल, डिसेंबर-जानेवारीत लिंपण आणि चुना, असं धरलंत तर वणवा आणि पाऊस दोन्हीच्या आधी भिंती झाकल्या जातील. त्या दोन बायकांना माती आधी दाखवून घ्या, वरच्या टप्प्यावरची लाल माती फार सैल असते, त्यात शेतातली चिकण मिसळावी लागेल. मुठीत वळून सावलीत वाळवून बघा, गोळा चिरफाळला तर तूस वाढवा, हाताला पीठ लागलं तर चिकणमाती. लिंपायला सुरुवात झाली की फोटो टाका, काही अडलं तर आईला विचारून सांगते.